पाईकराव सरांची बंद मूठ

‘दस्तीखाली दोन हात असतात असं लोकांना वाटतं. तिथं तिसरा पण असतो.’

हे वाक्य माझं आहे. आधी हे सांगून ठेवतो आणि मग पुढं जातो. एका पुढाऱ्यानं ते भाषणात वापरून टाळ्या घेतल्या. एका मासिकात कुणीतरी ते लेखाच्या कपाळावर छापलं आणि खाली लिहिलं, ‘एका अनामिक दलालाचे उद्गार’. अनामिक म्हणे! मला आईबापांनी चाँद हे नाव ठेवलं होतं. शिरड शहापूरपासून पुसेगावपर्यंत ज्याच्या दावणीला बैल आहे तो मला नावानं ओळखतो. बाप दुसऱ्याची जनावरं राखायचा. मी सातवी शिकून बाजारात उतरलो, लोकांचे कासरे धरण्यापासून सुरुवात केली आणि स्वतःच्या परवान्यावर दलाल झालो. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलं नाही. एक वाक्य तेवढं दिलं, तर त्याच्याखालचं नाव गायब.

ते गायब करणारा माणूस म्हणजे पाईकराव सर. त्यांच्यावर माझा राग आहे. राग गेल्यावर लिहावं, असं शहाणे लोक म्हणतील. तसं ठरवलं तर हे कधी लिहून होणार नाही.

आमच्या बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नसत. घेणाऱ्याचा दलाल आणि विकणाऱ्याचा दलाल समोरासमोर उभे राहायचे, खांद्यावरची दस्ती हातांवर टाकायचे आणि त्या फडक्याखाली एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट, दोन बोटं, अख्खा पंजा. बोट शेकड्याचं का दहाचं, ते बैलाकडं बघून समजायचं. बंद मूठ म्हणजे सौदा नाही. मूठ उघडून बोट दिलं म्हणजे कबूल. पटलं की दलाल दस्ती झटकून खांद्यावर टाकणार, आणि एकदा ती झटकली की बैलाचा मालकसुद्धा मागं फिरू शकत नाही. भोवती गराडा असला तरी भाव त्या दोघांनाच ठाऊक.

बहात्तरच्या दुष्काळात हा बाजार ओस पडला होता. पुढं दावणी पुन्हा भरायला लागल्या, त्या सुमारास एक माणूस दर बाजारी येऊन कडुनिंबाखाली उभा राहू लागला. सडपातळ, पांढऱ्या शर्टाची गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली, खांद्याला कापडी पिशवी. बैलाकडं बघायचा नाही. आमच्या दस्तीकडं बघायचा. बाजाराच्या ऑफिसनं पाळतीवर ठेवलेला असेल म्हणून बाकीचे दलाल त्याला टाळायला लागले. मला टाळणं जमत नाही. मी सरळ पुढ्यात जाऊन उभा राहिलो.

“बैल पाहिजे तर दावणीकडं चला. हितं उभं राहून काय मिळून राहिलं तुमाला?”

“बैल न्हाई पाहिजे. तुमी सौदा कसा करता ते पाहिजे.”

“कशाला?”

“लिहायला. हिंगोलीला कॉलेजात शिकवतो मी. बाजाराचा अभ्यास करून राहिलो.”

“सरकारी हाय का?”

“न्हाई. माझाच हाय.”

नाव विचारलं. त्यांनी आडनाव सांगितलं, कळमनुरी तालुक्यातलं गाव सांगितलं, आणि मी न विचारलेलंही सांगितलं. “माझ्या आज्याला ह्या बाजारात मेलेलं जनावर वढायला बोलवायचे. बौद्ध झाल्यावर बापानं ते काम सोडलं. मी जितं जनावर बघायला आलो.”

आवाज चढला नाही, उतरला नाही. एवढं बोलून ते गप्प झाले.

हे गप्प होणं हीच त्यांची मोठी करामत होती. प्रश्न विचारायचे आणि थांबायचे. समोरचा उगाच काहीतरी बोलून वेळ मारून न्यायचा, तरी हे थांबलेलेच. मग त्या माणसाला ती शांतता टोचायला लागायची आणि तो खरं बोलून बसायचा. पुसेगावचा गणपत म्हणून एक दलाल होता. आवाज असा की अख्ख्या बाजाराला त्याचा एकट्याचा भोंगा पुरायचा. सरांनी त्याला विचारलं, “बैल विकल्यावर मालक घरी जाताना काय नेतो?” गणपत म्हणाला, काय नेणार, पैसे नेतो. सर थांबले. गणपत म्हणाला, बायकोला लुगडं नेतो. सर थांबलेलेच. गणपतनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं, आणि म्हणाला, “दावं नेतो, सर. बैल देतात, दावं देत न्हाईत. मी माझा बैल इकला तवा ते मोकळं दावं हातात घेऊन गेलो. घरात शिरवंना. अंगणातच बसून राहिलो.” आणि एवढा दांडगा माणूस दस्तीत तोंड घालून रडायला लागला. सरांनी पेन्सिल खाली ठेवली. गणपत शांत झाल्यावर विचारलं, “हे लिहू का?”

मी त्यांना म्हणालो, “सर, कॉलेज सोडा. दलाल व्हा. जो गप राहतो त्याच्याकडं भाव सरकतो. तुमच्यासारखा गप राहणारा मी बघितला न्हाई.”

“मग अभ्यास कोण करील?”

“कुणी मागितलाय अभ्यास?”

ते हसले. त्यांचं हसणं म्हणजे आवाज नाही, फक्त खांदे हलायचे.

वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध त्यांनी एक उभी रेघ ओढलेली असायची. डावीकडं माणूस जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. उजवीकडं सरांना जे वाटलं ते. डावीकडचा शब्द उजवीकडं जाऊ द्यायचे नाहीत आणि उजवीकडचा डावीकडं येऊ द्यायचे नाहीत. मी एकदा एका बैलांच्या व्यापाऱ्याबद्दल म्हणालो, “तो शिरडचा हेडी लई लबाड हाय.” सरांनी लगेच विचारलं, “तो काय बोलला? का हे तुमाला वाटलं? डावीकडचं का उजवीकडचं?” मला राग आला. पण ते खूळ माझ्या घरात शिरलं ते शिरलंच. आजही बायको म्हणाली, “तुमची भैन मला टाकून बोलली,” की मी विचारतो, “डावीकडचं का उजवीकडचं?” त्यावर मला जे ऐकावं लागतं ते सगळं डावीकडचं असतं.

बाजाराच्या तोंडाला मारोतरावाचं चहाचं हॉटेल होतं. आत बाकडी, बशीसकट कप. बाहेर खांबाच्या खोबणीत एक कान तुटलेला कप. तो कुणासाठी, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. सर पहिल्यांदा आले तेव्हा मारोतरावानं त्यांना आत बोलावलं. “या सर, या. तुमी कॉलेजातले. तुमाला आतला कप.”

“आतला काहून? माझं गाव, माझी जात तुमाला ठाऊक हाय.”

“तुमची गोष्ट निराळी हाय, सर.”

“निराळी करू नका. भायेरचाच द्या.”

आणि ते उन्हात उभं राहून त्या कान तुटलेल्या कपातून चहा प्याले. स्वतः विसळून खोबणीत ठेवला. अभ्यास चालला तोवर दर बाजारी हाच क्रम. मारोतरावाला ते सहन होईना. शिव्या दिल्या असत्या तर त्यानं उलट दिल्या असत्या. हे तर नमस्कार करून बाहेर उभे राहायचे. मला आतला कप मिळायचा. मी एकदा चिडून म्हणालो, “चहाच प्यायचा ना? आत बसून प्या.” सर म्हणाले, “चाँदभाई, दस्तीखाली माझा हात धरायला इथं कुणाची ना न्हाई. दस्ती झटकली की त्याच हातात हा कप. मी आत बसलो तर मला हा कप दिसायचा बंद होईल.” मग जरा थांबून म्हणाले, “हे उजवीकडचं हाय हां.”

त्यांचा हा अभ्यास ज्यांच्या हाताखाली चालला होता ते विद्यापीठातले मोठे प्राध्यापक एकदा जीपमधून बाजार बघायला आले. शेण चुकवत चुकवत कडुनिंबापर्यंत पोहोचले. माणूस वाईट नव्हता, पण घड्याळात बघत बोलायचा.

“पाईकराव, प्रश्नावल्या किती भरल्या?”

“एक बी न्हाई, सर. लोकांशी बोललो.”

“बोलणं म्हणजे संशोधन नव्हे. या गप्पा झाल्या. तक्ते कुठे आहेत? टक्केवारी कुठे आहे?”

“व्हय सर, गप्पाच हायेत. प्रश्नावलीत लोक खोटं बोलतात. गप्पांत चुकून खरं बोलतात.”

प्राध्यापक हसले. पिशवीतून छापील कागद काढला आणि सगळ्यांत जवळ उभा असलेला माणूस धरला. तो मी. त्यांनी विचारलं, कुटुंब किती? मी सांगितलं, तीन बायका. विचारलं, शिक्षण? सांगितलं, अंगठा. विचारलं, उत्पन्न? म्हणालो, पोटापुरतं मिळतं साहेब, कधी मिळत न्हाई, कधी बैलच मला जेवू घालतो. सगळं लिहून घेतलं त्यांनी, नीट चौकटीत. मी गंभीर होतो. सर जमिनीकडं बघत होते आणि त्यांचे खांदे हलत होते.

पण जाताना प्राध्यापकांनी बजावलं ते बजावलंच. तक्ते आल्याशिवाय सही नाही. सही नाही तर पदवी नाही. जीप गेली. सरांनी पेन्सिलीला टोक काढलं आणि मला विचारलं, “तर चाँदभाई, दाखल्याचं काय म्हणत होता तुमी?”

दाखल्याचं मी काय म्हणत होतो, ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बैल विकला की बाजाराचा कारकून दाखला लिहितो. बाजाराची फी दाखल्यावरच्या भावावर लागते. आता दस्तीखाली ठरलेला भाव कुणी बघितलेला नाही. मग दाखल्यावर थोडा कमी लिहायचा. फी वाचते, आणि कमी लिहिणारा हात उपाशी राहत नाही. बाजारात येणारं शेंबडं पोरगंही हे जाणून होतं, पण बोलत कुणी नव्हतं. मी बोललो. मी कबुली देत नव्हतो, धंदा समजावून सांगत होतो. आणि बोलता बोलता ते वाक्य माझ्या तोंडून गेलं, दोन हातांचं आणि तिसऱ्याचं. सर लिहिताना थांबले. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला त्या क्षणी कळलं, माल भारी आहे. मी हिशेबी माणूस. मी तिथंच ठरवलं, हा माल नावाशिवाय द्यायचा नाही.

लिहून झाल्यावर सरांनी आम्हा सगळ्यांना कडुनिंबाखाली बसवलं. बाजार नव्हता त्या दिवशी. त्यांचा नियम असा की ज्याचं बोलणं छापायचं त्याला आधी वाचून दाखवायचं. तो म्हणाला काढा, की काढायचं. कारण विचारायचं नाही. आणि नाव कुणाचंच टाकायचं नाही, प्रत्येकाला एक नंबर.

मारोतराव सगळ्यांत आधी तावात आला होता. कपाची हकिकत ऐकून म्हणाला, “नाव न्हाई ना टाकलं माझं?”

“न्हाई.”

“हॉटेलचं?”

“न्हाई.”

“मग वाचणाऱ्याला वाटंल, समद्याच हॉटेलात असा कप हाय.”

“न्हाई का?”

मारोतराव तावातच उठला. काढा, असं मात्र म्हणाला नाही.

गणपतचा भाग आला. मोकळ्या दाव्याचं ऐकताना त्याचे कान लाल झाले. “सर, तेवढं रडल्याचं काढा. लोक हसतील.” सरांनी पूर्ण पान फुली मारून काढलं. मी ओरडलो, “अवो, तेच तर समद्यात चांगलं हाय!” सर म्हणाले, “चांगलं हाय म्हणून आपलं होत न्हाई, चाँदभाई. ते त्यांचं हाय.” मी सरांसारखा नाही, म्हणून इथं लिहिलं. गणपतला राग आला तर त्यानं यावं. मी घरीच असतो.

मग माझी पाळी. सरांनी वाक्य वाचलं. बसलेले सगळे चपापून माझ्याकडं बघायला लागले. सरांनी विचारलं, “हे ठेवायचं?”

“ठेवा. खाली माझं नाव टाका.”

“नाव न्हाई टाकता येत. वाक्य काढायचं असंल तर काढतो.”

“काढू बी नका अन् बिननावाचं बी छापू नका.”

“दोन्ही कसं व्हईल?”

“ते तुमी बघा. शिकलेले तुमी.” माझं डोकं तापलं होतं. “सर, माझं नाव आजवर कुठं लिहिलंय? परवान्यावर अन् जकातीच्या नाक्यावर. पुस्तकात आलं असतं तर माझ्या लेकरांनी बघितलं असतं. तुमी पुस्तकावर तुमचं नाव टाकणार न्हाई का?”

हा घाव बसला. सरांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाले, “माझं टाकणार. म्हणजे कुणाला धरायचं असंल तर मला धरतील.”

मी खांद्यावरची दस्ती काढली, आमच्या दोघांच्या हातांवर टाकली आणि खाली त्यांचा हात धरला. सगळ्यांसमोर. “बाजारात बोलणं दस्तीखाली व्हतं. एक बोट द्या. एका बोटावर राजी हाय मी.”

दस्तीखाली त्यांची मूठ बंद होती. मी बोटांनी ती चाचपली, अंगठ्यानं दाबली. मी भल्याभल्यांच्या मुठी उघडल्या आहेत. ही उघडली नाही. वर मात्र ते माझ्या डोळ्यांत बघत होते आणि डोळे काही बंद नव्हते.

“नंबर तरी कोणता?” मी हात सोडून विचारलं.

“चार.”

“चारच काहून? एक काहून न्हाई?”

“चौथे भेटलात.”

“मग पहिले तीन कोण?”

“ते तुमाला सांगितलं तर तुमचं दुसऱ्याला सांगायला मी किती वेळ लावीन?”

मी उठून निघून गेलो. दोन बाजार त्यांच्याशी बोललो नाही. पण वाक्य काढायला सांगायलाही गेलो नाही.

विद्यापीठानं पदवी दिली नाही. तक्ते नव्हते. सरांनी एक लहानसा छापखाना गाठून पुस्तक स्वतःच काढलं. पातळ पुस्तक, पिवळसर पुठ्ठा. कापडी पिशवीत भरून ते बाजारात घेऊन आले आणि प्रत्येक माहितीदाराला एकेक दिलं, वाचता न येणाऱ्यालाही. मग मारोतरावाच्या हॉटेलाशी गेले. खोबणीतला तो कान तुटलेला कप उचलला, आत गेले, बाकड्यावर बसले आणि कप पुढ्यात ठेवून म्हणाले, “अभ्यास झाला, मारोतराव. आता ह्याच्यात आत चहा द्या.” हॉटेल भरलेलं होतं. मारोतरावानं चहा ओतला. सरांनी तो सावकाश संपवला, कप विसळला आणि आतल्या कपांच्या रांगेत नेऊन ठेवला. पुन्हा खोबणीत ठेवायचा तर मारोतरावाला तो सगळ्यांच्या देखत उचलून न्यावा लागला असता. त्याच्यानं ते झालं नाही. काही दिवस तो कप तिथंच होता. खोबण रिकामी, म्हणून बाहेरही आतलेच कप जायला लागले. आपल्या कपातून आधी कोण प्यालं हे मग सांगता येईना, म्हणून काही जणांनी चहा सोडला. बाकीचे जात विसरले म्हणणार नाही, पण त्यांनी चहा सोडला नाही.

पुस्तक निघालं आणि आणीबाणी लागली. त्या दिवसांत साहेब लोकांची चाल बदलली होती. बाजाराचा कारभार पाहणाऱ्या साहेबाच्या हातात कुणीतरी ते पुस्तक दिलं, माझ्या वाक्याखाली लाल रेघ ओढून. एका बाजारी आम्हा सगळ्या दलालांना ऑफिसात उभं केलं आणि सरांना निरोप पाठवून बोलावून घेतलं.

“पाईकराव, हा क्रमांक चार कोण?”

“मला माहीत आहे.” साहेबासमोर सर पुस्तकी मराठीत बोलायचे.

“मग सांगा.”

“नाही सांगणार.”

“नंबर आणि नावांची यादी द्या.”

“यादी लिहिलीच नाही.” त्यांनी कपाळाला बोट लावलं. “इथं आहे.”

“नोकरी जाईल. आत जाल. आजकाल विचारपूस होत नाही, ठाऊक आहे ना?”

मी समोरच उभा होतो. परवाना गेला तर गेला, पण ‘तो मी’ म्हणायला माझ्याइतका आतुर माणूस त्या खोलीत नव्हता. वर्षभर ज्यासाठी भांडलो ते माझं नाव, आणि ते घ्यायची याच्याहून मोठी जागा कोणती? मी पाय उचलला. सरांची पाठ माझ्याकडं होती. त्यांनी हात पाठीमागं घेतला आणि माझ्या डोळ्यांसमोर मूठ बंद केली. घट्ट. बोटांची पेरं पांढरी होईपर्यंत.

बाजारातला माणूस बंद मुठीवर पुढं जात नाही. हाडात भिनलेलं असतं ते. माझा पाय जागच्या जागी राहिला. त्या दिवसाचा राग वेगळा आहे. नाव छापलं नाही ते एकवेळ सोडून देईन. पण माझ्या तोंडानं मला माझं नाव घेऊ दिलं नाही, ते सोडणार नाही.

मग सरांनी जे केलं ते मात्र बघण्यासारखं होतं. पिशवीतून वही काढली. मधोमध उभी रेघ ओढली. “साहेब, ‘आत जाल’ म्हणालात आणि त्याच्या पुढं काय म्हणालात? तुमच्याच शब्दांत पाहिजे. लिहून झाल्यावर वाचून दाखवीन. नको असेल ते काढू. नाव टाकणार नाही, नंबर देईन.”

साहेब बघत राहिला. सरांनी पेन्सिल कागदावर टेकवली आणि ते त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं थांबले. खोली गप्प. कारकुनाच्या टेबलावरचे दाखले पंख्यानं फडफडत होते. ती शांतता साहेबालाही टोचली असणार. तो बोलला असता तर काय बोलला असता कोण जाणे. त्यानं घंटी वाजवली आणि आम्हा सगळ्यांना बाहेर घालवलं.

आमचे परवाने राहिले. सरांची विचारपूस मात्र झाली, तोंडी नाही, कागदोपत्री. कॉलेजनं त्यांना कायम केलं नाही. दरवर्षी नवा हुकूम, दरवर्षी तेच पहिलं वर्ष. आणीबाणी उठली, राज्य बदललं, पण त्यांचा कागद हलला नाही. शेवटी त्यांनी दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका शाळेत नोकरी धरली. मला हे बाजारात कानावर आलं, त्यांच्याकडून नाही. ते सांगणाऱ्यांतले नव्हते आणि मी विचारणाऱ्यांतला उरलो नव्हतो.

वारंगा फाट्यावर मी बैलांचा ट्रक भरून घेत होतो. पलीकडं एसटीची वाट बघत सर उभे दिसले. पायाशी पत्र्याची पेटी, खांद्याला तीच पिशवी, शर्टाची गळ्यापर्यंत बटणं. त्यांची बायको-लेकरं आधीच गेली होती बहुतेक. मी रस्ता ओलांडून गेलो. सलाम नाही, दुआ नाही.

“चाललात?”

“चाललो, चाँदभाई.”

“दुसरी आवृत्ती कवा काढता? तिच्यात टाका नाव.”

“पहिलीच संपली न्हाई अजून.” खांदे हलले.

“हसू नका. माझं वाक्य लोक वापरून राहिले, सर. भाषणात वापरून राहिले. तुमची नोकरी गेली त्या वाक्यावर. आता कुणाला लपवता?”

ते बोलले नाहीत. थांबले. मीही थांबलो. ह्या खेपेला मी हरणार नव्हतो. एसटी वळण घेऊन येताना दिसली. मी खांद्यावरची दस्ती ओढली आणि फाट्यावरच्या हॉटेलवाल्यांच्या, टपरीवाल्यांच्या, चढायला धावणाऱ्या लोकांच्या देखत आमच्या हातांवर टाकली. खाली त्यांचा हात धरला. मूठ बंद होती. तीच मूठ, तशीच.

कंडक्टर ओरडला, “चला मास्तर, पेटी वर टाका.”

मी सोडलं नाही. आणि मग मूठ उघडली. एक बोट माझ्या तळव्यावर टेकलं. दुसरं टेकलं. तिसरं. चौथं टेकल्यावर त्यांनी चारही बोटं एकदम दाबली, माझा हात दुखेपर्यंत. अंगठा त्यांनी आत मुडपून ठेवला होता. एवढ्या गर्दीत त्या माणसानं मला हाक मारली आणि कुणाला ऐकू गेली नाही.

हात सुटला. पेटी वर गेली. सर पाठीमागच्या दारातून चढले आणि खिडकीशी बसले, पण खिडकीतून बघितलं नाही. पिशवीतून वही काढत होते.

सौदा पटला की दस्ती झटकून खांद्यावर टाकायची, असा आमचा रिवाज आहे. एसटी नांदेडच्या रस्त्याला लागेपर्यंत मी तिथं उभा होतो, दस्ती हातावर तशीच. मी ती झटकली नाही. चार बोटांवर मी राजी नाही, हे त्यांना ठाऊक होतं. माझं पूर्ण नाव शेख चाँद वल्द शेख लाल. ते वाक्य माझं आहे.